भूमितीय अमूर्त चित्रांचे सेरिग्राफ : सही आणि आकड्यापलीकडे काय बघायचं?

रंगपेटी

लिमिटेड एडिशन सेरिग्राफ, म्हणजे ठरावीक प्रतींत सिल्कस्क्रीनने छापलेलं चित्र, घ्यावा का, हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि उत्तरं दोनच मिळतात. 'सही आहे ना, मग घ्या', नाहीतर 'शेवटी ते पोस्टरच, पैसे घालवू नका'. मला दोन्ही अपुरी वाटतात, म्हणून वेगळा धागा काढते आहे. विषय मुद्दाम आखूड ठेवते : चौकोन, त्रिकोण, वर्तुळं आणि पट्टे यांची अमूर्त चित्रं, आणि तीही सिल्कस्क्रीनने छापलेली.

ज्यांना तंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौकटीवर जाळी ताणायची, जिथे शाई नको तिथली जाळी बुजवायची आणि रबरी स्क्वीजीने उरलेल्या भागातून शाई कागदावर उतरवायची. एका रंगाला एक स्क्रीन. पूर्वी जाळी रेशमाची असे, आता पॉलिएस्टरची असते. या तंत्राचा स्वभाव म्हणजे सपाट, भरीव, काठापर्यंत एकसारखा रंग. ब्रशचा फटकारा किंवा हळूहळू विरत जाणारी छटा हवी असेल तर त्याला आटापिटा करावा लागतो. भूमितीय अमूर्ताला फटकारा नकोच असतो. म्हणून या दोघांची जोडी मला जुळवून आणलेली वाटत नाही, ती मुळातली आहे.

जोसेफ अल्बर्सचं उदाहरण घेते. बाउहाउस या जर्मनीतल्या गाजलेल्या कलाशाळेत शिकवणारा हा जर्मन चित्रकार १९३३ साली अमेरिकेत गेला. १९५० साली, बासष्टाव्या वर्षी, त्याने 'होमेज टू द स्क्वेअर' ही मालिका सुरू केली आणि १९७६ साली वारला तोवर त्यात हजारावर चित्रं झाली होती. एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौकोन, एवढंच. ते मधोमध नसतात, खाली सरकलेले असतात : खालची पट्टी एक भाग, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन, वरची तीन. मांडणी ठरलेली असल्यामुळे सगळा भार रंगावर येतो. तोच करडा एका शेजाऱ्यामुळे हिरवट दिसतो, दुसऱ्यामुळे गुलाबीसर.

येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९६३ साली त्याचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' काढलं, त्यात दीडशे रंगपट होते आणि बहुतेक सिल्कस्क्रीनने छापलेले. ऑफसेटमध्ये चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून रंगाचा भास तयार होतो. दोन रंग शेजारी आले की डोळ्याचं काय होतं, हे दाखवणारं पुस्तक ठिपक्यांत छापलं असतं तर मुद्दाच बुडाला असता.

म्हणून माझं म्हणणं असं : घेताना पहिला प्रश्न सहीचा नसावा. हे काम स्क्रीनसाठीच कल्पिलेलं आहे की कॅनव्हासवरच्या चित्राची स्क्रीनमधून काढलेली प्रत आहे, हा असावा. सही, आकडा, सर्टिफिकेट हे सगळं त्याच्या मागून.

सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक चित्रकार सय्यद हैदर रझांचा सहीचा सेरिग्राफ, दुसरं अल्बर्सच्या १९७२ सालच्या 'फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन' या संचातलं एक सुटं पान, ज्यावर पेन्सिलची सही नाही. आजूबाजूचे सगळे पहिल्याच्या बाजूने आहेत. तुमची मतं हवी आहेत, विशेषतः छपाईतल्या माणसांची.

स्क्रीनवाला_मिरज

ताई, विषय आमच्या पोटापाण्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. आमचं दुकान लग्नपत्रिका, स्टिकर आणि कापडी पिशव्यांचं. वडिलांच्या काळापासून स्क्रीनच.

सपाट रंग हा स्क्रीनचा स्वभाव, हे बरोबर. पण तो सोपा आहे असं कुणी समजू नये. पत्रिकेवरचं गणपतीचं चित्र, वेलबुट्टी, अक्षरं यांत बारीकसारीक दोष लपून जातात. वीतभर रुंदीचा एकाच रंगाचा चौकोन काढायला घ्या, काही म्हणजे काही लपत नाही. स्क्वीजी मध्ये जराशी अडखळली तर आडवी पट्टी दिसते. रबराच्या धारेला खाच असेल तर उभी रेघ उठते. शाई जाळीत सुकायला लागली की रंग पातळ पडतो, आणि धुळीचा एक कण पांढरा ठिपका ठेवून जातो. चांगल्या भूमितीय प्रिंटमध्ये यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं यात केलंय काय! तेच तर केलंय.

दुसरी गोष्ट काठाची. दोन रंग शेजारी यायचे असले की आम्ही पत्रिकेत एक रंग दुसऱ्यावर केसभर चढवतो, म्हणजे मध्ये कागदाची पांढरी फट दिसत नाही. पण चढवलं की तिथे तिसऱ्याच रंगाची गडद रेघ तयार होते. पत्रिकेत ती खपते. अल्बर्ससारख्या चित्रात, जिथे दोन रंगांची सीमा हेच चित्र आहे, ती रेघ सगळं मारून टाकेल. तिथे रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगाशेजारी दुसऱ्याची जागा, काठाला काठ लावून जुळवावं लागतं, आणि तेही एका कागदावर नाही, शेकडो कागदांवर, प्रत्येक रंग वेगवेगळ्या दिवशी मारताना.

त्यात कागद जागा सोडतो. हवेत ओल असली की फुगतो, कोरडी झाली की आकसतो. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी मारलेला पहिला रंग आणि संध्याकाळी मारलेला दुसरा यांचं जुळत नाही. म्हणून चांगल्या स्टुडिओत कागद आधी काही दिवस त्याच खोलीत मोकळा ठेवतात आणि खोलीची हवा सांभाळतात.

तुमच्या दोन पर्यायांबद्दल नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

अलिबागकर

वाचतोय. फार चांगला धागा. फ्रेमिंगबद्दल लिहायचं आहे, थोडी चर्चा पुढे जाऊ दे.

नीरक्षीर

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. 'लिमिटेड' हा शब्दच मला खटकतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलं की ते झिजतं, तिथे प्रतींना निसर्गाने घातलेली मर्यादा असते. स्क्रीनमधून पंचाहत्तर निघतात तशा पंधराशे निघतील. म्हणजे टंचाई मुद्दाम निर्माण केलेली आणि तिचे पैसे गिऱ्हाइकाने मोजायचे. त्यापेक्षा मुंबईच्या जेजे किंवा नागपूरच्या कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं एकुलतं एक चित्र घ्या. त्याच्या घरात महिन्याचं भाडं जाईल आणि तुमच्या भिंतीवर चित्रकाराच्या हाताचं काम राहील.

रंगपेटी

नीरक्षीर, तरुणांची चित्रं घ्यावीत याबद्दल वादच नाही, मी घेते. पण 'चित्रकाराच्या हाताचं' हा निकष भूमितीय अमूर्ताला लावता येत नाही असं मला वाटतं. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीची साठच्या दशकापासूनची मोठी चित्रं तिच्या सहायकांनी रंगवलेली आहेत. ती अभ्यासचित्रं करते, रंग आणि मापं ठरवते. तिने हाताची खूण मुद्दाम काढून टाकली, कारण बघणाऱ्याचं लक्ष ब्रशकडे गेलं की डोळ्यात घडणारी गोष्ट घडत नाही. १९६५ सालची तिची 'फ्रॅगमेंट्स' ही मालिका तर कागदावरही नाही, पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकवर स्क्रीन केलेली आहे. तिचं 'मूळ चित्र' कुठे शोधणार? ती प्रिंट हेच मूळ.

जुना_जेजे

नीरक्षीर यांच्या मुद्द्याचं दुसरं टोक सांगतो. टंचाई नकोच, असं म्हणणारा एक मोठा चित्रकार याच प्रकारातला होता : व्हिक्टर वाझारेली. जन्म १९०६ सालचा, हंगेरीतल्या पेच गावचा, कारकीर्द पॅरिसमध्ये. १९५५ साली दनीझ रने यांच्या गॅलरीत गतिमान कलेचं जे गाजलेलं प्रदर्शन झालं, त्या वेळी त्याने पिवळ्या कागदावर आपला जाहीरनामा मांडला. एकमेव चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडतं, कलाकृती पुन्हा पुन्हा निर्माण करता आली पाहिजे आणि लोकांपर्यंत गेली पाहिजे, असा त्याचा विचार होता. त्याने तो पाळला. आकार आणि रंग यांचे ठरावीक घटक तयार केले, त्यातून चित्रं जुळवली आणि सेरिग्राफ अफाट संख्येने काढले.

परिणाम दोन झाले. आज त्याचा खरा सेरिग्राफ मध्यमवर्गीय माणसालाही परवडू शकतो, म्हणजे विचार यशस्वी झाला. आणि त्याच संख्येच्या आडोशाने बनावट प्रिंटही बाजारात शिरल्या. १९९७ साली तो गेल्यावर वारसा आणि त्याच्या नावाच्या संस्थेवरून कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, त्यामुळे कागदपत्रांचा गोंधळ आणखी वाढला. वाझारेली घेणाऱ्याने म्हणूनच डोळे उघडे ठेवावेत.

आता रझांबद्दल. आपल्याकडे सेरिग्राफ म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच येतं आणि त्यांचा या मातीशी संबंध जुना आहे. मंडला जिल्ह्यातलं बालपण, मग नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग मुंबई. मुंबईत पोटासाठी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी केली, म्हणजे छपाईचा वास तरुणपणीच नाकात गेलेला. पुढे जेजे, १९४७ साली चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप आणि १९५० साली फ्रान्स. बिंदू, त्रिकोण, पंचतत्त्वं हे सगळं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलं.

त्यांचे बहुतेक सेरिग्राफ हे कॅनव्हासवरच्या चित्रांवरून काढलेले आहेत, म्हणजे रंगपेटींच्या निकषाने ते 'प्रत' ठरतात, हे खरं. पण रझांच्या भूमितीत ब्रश आहे, काठ थरथरते आहेत, काळ्यातही चार काळे आहेत. ते सपाट करून छापलं तर रझा उरत नाहीत. म्हणून त्यात स्क्रीनची संख्या वाढत जाते, कधी कधी वीसच्याही वर. त्याला नुसतं 'प्रत' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. आणि एक विचारतो : अल्बर्सच्या त्या १९७२ च्या संचातही त्याने आपल्या आधीच्या चाळीस वर्षांच्या कामाकडेच पुन्हा पाहिलं होतं ना? मग ती प्रत कशी नाही?

दूरदेशी

मी कनेटिकटमध्ये राहते, येल विद्यापीठाच्या न्यू हेवनला येणं-जाणं असतं, म्हणून शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

अल्बर्सची चित्रं इथे प्रत्यक्ष बघायला मिळतात. फोटोत ती गुळगुळीत वाटतात, पण मॅसोनाइटच्या बोर्डवर चाकूने लावलेला रंग जवळून चांगलाच खडबडीत दिसतो. ट्यूबमधला रंग तो न मिसळता लावायचा आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग कुठे वापरला ते बोर्डाच्या मागे लिहून ठेवायचा. स्क्रीनप्रिंटमध्ये ही खरखर आणण्याचा प्रयत्नच केलेला नाही. रंगांची नाती पुन्हा नव्याने, शाईच्या भाषेत जुळवलेली आहेत. हे काम आइव्ह्स आणि सिलमन या दोघांनी केलं, सिलमन त्याचा विद्यार्थी होता, आणि अल्बर्स स्वतः शेड पसंत पडेपर्यंत मान्यता देत नसे. जुन्या कल्पना त्याने स्क्रीनसाठी पुन्हा रचल्या, असं मी म्हणेन. चित्राची नक्कल करणं आणि चित्रामागचा विचार दुसऱ्या माध्यमात पुन्हा सोडवणं यांत मला फरक वाटतो.

त्या संचात १२७ प्रिंट आहेत, दोन पोर्टफोलिओंमध्ये, आणि एडिशन एक हजाराची. सुट्या पानांवर पेन्सिलची सही नसते. पोर्टफोलिओ आणि फोल्डरचा क्रमांक बिनशाईच्या उठावदार शिक्क्याने दाबलेला असतो. रंगपेटी, तो शिक्का आहे का ते आधी बघा.

आणि कृपा करून अ‍ॅनी अल्बर्सला विसरू नका. ती विणकर. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या छपाई कार्यशाळेत नवऱ्याबरोबर गेली आणि तिथून तिला छपाईचा ध्यास लागला. पुढे तिने माग सोडला आणि प्रिंटच करत राहिली. तिच्या त्रिकोणांच्या स्क्रीनप्रिंटमध्ये उभ्या-आडव्या धाग्यांची शिस्त दिसते, आणि त्यातच अचानक एक त्रिकोण उलटा फिरतो. मला ती नवऱ्यापेक्षा जास्त आवडते.

स्क्रीनवाला_मिरज

आता पुढचं लिहितो. जुना_जेजे सरांनी माझ्या मनातलं लिहिलं. वीस स्क्रीनचं काम म्हणजे कुणीतरी त्या कॅनव्हाससमोर बसून, हा लाल कोणत्या चार लालांचा बनलाय हे डोळ्याने फोडलेलं असतं. प्रत्येक थरासाठी वेगळी फिल्म, कधी हाताने रंगवलेली, कधी लाल मास्किंग फिल्म चाकूने कापलेली. त्या माणसाचं नाव प्रिंटवर कुठेच नसतं. लंडनला केल्प्रा या स्क्रीनप्रिंट स्टुडिओचे क्रिस प्रेटर होते, त्यांचं नाव चित्रकारांच्या बरोबरीने घेतलं जातं. आपल्याकडे विकणारे 'रझा' म्हणतात आणि थांबतात. म्हणून माझा सल्ला असा की कुठल्या स्टुडिओत छापलं, किती स्क्रीन, रंग कुणी फोडले, हे विचारा. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडे असलेल्या कागदाला मी फार किंमत देणार नाही.

ओळखायचं कसं : दहा पटीचं भिंग घ्या, बारा-पंधराशे रुपयांच्या आत चांगलं मिळतं. ऑफसेट असेल तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारख्या वर्तुळात दिसतील. इंकजेट असेल तर विखुरलेले सूक्ष्म शिंतोडे दिसतील, आणि आजकाल तेही 'म्युझियम प्रिंट' म्हणून पेन्सिलने आकडा घालून विकतात. स्क्रीन असेल तर ठिपका नाही, सलग रंग. तिरक्या उजेडात धरलं तर शाईचा थर कागदापासून किंचित उठलेला दिसतो, कारण ऑफसेटपेक्षा तो कित्येक पटींनी जाड असतो.

शाईचा_डाग

नवशिक्याचा प्रश्न. ५/७५, म्हणजे पंचाहत्तरांतली पाचवी प्रत, ही ७०/७५ पेक्षा चांगली असते का? आणि 'ए. पी.' लिहिलेलं असेल तर ते कमी दर्जाचं समजायचं का?

जुना_जेजे

पहिल्याचं उत्तर नाही. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर सुईने थेट कोरून छापण्यात, पत्रा लवकर झिजतो, तिथे सुरुवातीच्या प्रती उजव्या असतात. स्क्रीनमध्ये तसं होत नाही. शिवाय बरेच रंग मारून सगळा गठ्ठा वाळला की वरून खाली आकडे घातले जातात, त्यांचा छापण्याच्या क्रमाशी संबंध असेलच असं नाही.

'ए. पी.' म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकारासाठी राखलेल्या प्रती. दर्जा तोच. साधारणपणे एडिशनच्या दहा टक्क्यांच्या आसपास त्या असाव्यात असा संकेत आहे. त्याशिवाय छापणाऱ्याची प्रत, विक्रीसाठी नसलेली 'एच. सी.' प्रत, असे प्रकार असतात. म्हणजे ७५ च्या एडिशनच्या एकूण प्रती ७५ हून जास्तच असतात. हे 'जास्त' किती आहे ते लिहून घ्यावं.

सहीबद्दल दोन गोष्टी. १९७४ साली फ्रेंच कस्टम्सने अंडोराकडे जाणारा एक ट्रक अडवला, त्यात साल्वादोर दालीच्या सहीचे चाळीस हजार कोरे कागद होते. चित्र नंतर कुणीही छापावं. आणि २००९ साली दिल्लीत रझांना त्यांच्याच नावाच्या प्रदर्शनाला बोलावलं, ते आत गेले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीत हे त्यांनी तिथेच सांगितलं. चित्रकार जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडू शकलं. २०१६ साली रझा गेले. आता सांगणारं कुणी उभं राहणार नाही, म्हणून कागदपत्रांचा माग महत्त्वाचा.

नीरक्षीर

ही माहिती वाचून माझं मूळ मत बदललेलं नाही, पण रायलीच्या मुद्द्यावर विचार करतो आहे. 'हात' आणि 'निर्णय' वेगळे असू शकतात, एवढं मान्य. तरी मग माझी अपेक्षा अशी राहील की अशा प्रिंटची किंमत निर्णयाची असावी, टंचाईची नसावी. हजाराच्या एडिशनमधलं सहीविना पान त्या हिशेबाने मला जास्त प्रामाणिक वाटतं.

अलिबागकर

आता फ्रेमिंग. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे नक्की वाचावं.

फ्रेमवाल्याला पहिलं वाक्य हे सांगा : समास कापायचा नाही. तयार फ्रेममध्ये बसावी म्हणून प्रिंटची कड छाटणारे लोक आहेत. छाटलेल्या समासाबरोबर आकडा, शिक्का, कागदाची मूळ कड सगळं जातं आणि ते परत येत नाही.

काच शाईला टेकता कामा नये. स्क्रीनची शाई जाड असते, दमट हवेत ती काचेला चिकटते आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, हवाच. मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ थेट कागदाला लावू नका, काही वर्षांत तपकिरी डाग वर येतात. फेविकॉलने चिकटवणं तर अजिबात नको. जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाची खळ पुरते.

ज्या भिंतीला पावसाची झड लागते तिच्यावर लावू नका. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या दोन गुंड्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते, बुरशी धरत नाही. दर गणपतीनंतर एकदा उतरवून मागची बाजू बघायची सवय ठेवा, कसर तिथूनच शिरते. आणि उन्हापासून जपा. साठ-सत्तरच्या दशकातल्या चमकदार फ्लुरोसंट शाया सगळ्यात आधी उडतात, आणि एक रंग उडाला की भूमितीय चित्राचा तोल जातो, कारण त्यात बाकी आधाराला काहीच नसतं.

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही विकणाऱ्यांना फोन केले. रझांच्या सेरिग्राफचं सर्टिफिकेट आहे, पण कुठे छापला, किती रंग, प्रूफ किती, यातलं काही सांगता आलं नाही. 'सर्टिफिकेट आहे ना, मग अजून काय हवं' असं उत्तर मिळालं. काम सुंदर आहे, तरी मी तूर्त थांबते आहे. स्टुडिओचं नाव कळलं तर पुन्हा विचार करेन. जुना_जेजे सरांचं म्हणणं मला पटलं आहे की वीस स्क्रीनचं ते कौशल्य स्वतंत्रपणे मोलाचं आहे, आणि नेमकं म्हणूनच ते कुणाचं हे माहीत असायला हवं.

अल्बर्सचं पान विकणाऱ्या बाईंनी शिक्क्याचा फोटो लगेच पाठवला, पोर्टफोलिओ आणि फोल्डरचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. पिवळ्याच्या आत पिवळा, त्याच्या आत करडा. फोटोत दोन पिवळ्यांमधली सीमा मला दिसतच नाही आणि तेच बघायची ओढ लागली आहे. शनिवारी पुण्यातच बघायला जाणार आहे.

स्क्रीनवाला_मिरज

ताई, मी शनिवारी कागद घ्यायला पुण्यात आहे. दुपारनंतर मोकळा असतो, चालत असेल तर येतो. भिंग आणि छोटी बॅटरी माझ्याकडे आहे. त्या बाईंना आजच सांगून ठेवा की पान फ्रेममधून काढून दाखवावं लागेल. काचेवरून बघून मी काही सांगणार नाही.